आधी जन्माची नोंद

जन्माची नोंद नसेल तर कोणाला मरायचा अधिकार नाही, असं मनापासून मानणारा एकच गृहस्थ मी आजवर पाहिला. आणि माझं नशीब असं की तो माझ्याच कचेरीत, माझ्याच टेबलासमोर येऊन बसला.

कचेरी म्हणजे सोलापूरच्या बाहेर, अक्कलकोट रस्त्याला एका ट्रस्टने चालवलेलं प्राणी निवारा केंद्र. पत्र्याची शेड, तीस पिंजरे, एक गाडी आणि एक कंत्राटी पशुवैद्य, म्हणजे मी. रस्त्यावरची कुत्री धरून आणायची, नसबंदी करायची, लस टोचायची आणि जिथून आणली तिथे नेऊन सोडायची, हे कागदावरचं काम. दुसरं काम शुक्रवारी असायचं. जे जनावर असाध्य आजारी आहे त्याला इंजेक्शन देऊन सोडवावं, अशी नियमात सोय आहे आणि सोय चांगलीच आहे. पण आमच्याकडे असाध्य हा शब्द वापरून वापरून सैल झाला होता. खरूज झालेलं असाध्य, लंगडं असाध्य, म्हातारं असाध्य, आणि पिंजरे भरले की दाराजवळचं असेल ते असाध्य. यादी ट्रस्टचे सेक्रेटरी करायचे आणि सुई माझ्या हातात असायची. सहा महिने मी शुक्रवारचा डबा न उघडता घरी नेत होते. आई विचारायची, "भाजी आवडली नाही का गं?" मी हो म्हणायचे.

हे गृहस्थ आले ते कारकून म्हणून. तालुक्याच्या गावात जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीत सगळी नोकरी काढून निवृत्त झालेले. मूळचे मैंदर्गीचे, त्यामुळे घरात कानडी, बाहेर मराठी आणि कुत्र्यांशी दोन्ही. आम्ही त्यांना समोर काका म्हणायचो आणि मागे चित्रगुप्त. त्यांना दोन्ही नावं माहीत होती आणि दुसरं जास्त आवडायचं, असा माझा संशय आहे.

पहिल्या दिवशी त्यांनी मला नाव विचारलं नाही. चष्म्यावरून बघत म्हणाले, "जन्म कुटला?"

"सांगोला."

"घरी का दवाखान्यात?"

"घरी, आजोळी. पण तुम्हाला कशाला?"

"घरी म्हंजे खबर आजोबांनी दिली आसंल," ते म्हणाले आणि समाधानाने मान हलवली. माझ्या आजोबांनी माझ्यासाठी केलेलं ते एकमेव काम त्यांनी असं पाच मिनिटांत शोधून काढलं. येणाऱ्या प्रत्येकाला ते हेच विचारत. पाण्याचा टँकर घेऊन येणाऱ्या ड्रायव्हरला त्यांनी इतकं छेडलं, की तो बिचारा आईला फोन लावून आपला जन्म कुठला ते विचारून आला.

सकाळी आल्या आल्या ते वर्तमानपत्रातल्या निधनवार्ता वाचायचे. दुःख वगैरे काही नाही, फक्त टीका. "वय न्हाय लिवलं. पत्ता न्हाय. 'अल्पशा आजाराने' म्हंजे काय? आजाराला नाव आसतं की." मग लाल पेनाने खुणा करून तो पेपर बाजूला ठेवत, जणू दुसऱ्या दिवशी ती माणसं दुरुस्ती करायला येणार होती. विनोद मात्र ते फक्त जेवणाच्या सुट्टीत करत. दीड ते दोन. दोन वाजून एका मिनिटाने तुम्ही हसलात तर त्यांना कळायचंच नाही कशाला हसलात ते.

म्हणून पहिल्या शुक्रवारी ते बोलले तो विनोद नाही हे मला घड्याळ बघून कळलं. अकरा वाजले होते. सेक्रेटरींची यादी त्यांच्यापुढे होती, सहा कुत्र्यांची. पेनाचं टोपण काढून त्यांनी ती वाचली आणि टोपण परत लावलं.

"डॉक्टरीणबाई, ह्यांच्या जन्माच्या नोंदी कुटं हायेत?"

"कुत्र्यांच्या?"

"ज्यांचं मरण लिवायचंय त्यांच्या."

"अहो काका, कुत्र्यांच्या जन्माची कुठे नोंद असते?"

"मग मरणाची कशी करू? जलमलाच न्हाय त्यो मरतोय कसा?" आणि त्यांनी यादी टाचणी लावून फाईलला टाकली.

औषधांच्या कपाटाला दोन कुलपं होती. एक किल्ली डॉक्टरकडे, दुसरी कारकुनाकडे, हा ट्रस्टचाच नियम. काकांनी आपली किल्ली पहिल्या दिवशीच कडदोऱ्याला बांधून टाकली होती आणि तिथून ती काढून घेण्याची कोणाची प्राज्ञा नव्हती. त्या शुक्रवारी मी बऱ्याच दिवसांनी डबा खाल्ला. भाजी दोडक्याची होती, मला न आवडणारी, तरी पुसून खाल्ली.

सेक्रेटरी गाडीतून उतरले ते ओरडतच. काकांनी त्यांना बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि सांगितलं, "साहेब, मी मरायला आडवत न्हाय. फकस्त कागद पुरे करा म्हंतो. उद्या कुणी विचारलं, हे कोण मेलं, तर काय सांगायचं?" नियमाने वागणाऱ्या माणसावर नियमानेच रागावता येतं, आणि सेक्रेटरींना नियम माहीत नव्हते. ते एवढंच म्हणाले, "पुढच्या शुक्रवारपर्यंत पिंजरे रिकामे झाले पाहिजेत. नाही झाले तर मी दुसरा कारकून आणतो आणि यादी दुप्पट करतो." यातलं दुसरं वाक्य ते माझ्याकडे बघून बोलले.

ते गेल्यावर मी काकांवर चिडले. तुमच्या हट्टापायी सहाची बारा होतील, म्हटलं. ते म्हणाले, "हुतील तवा हुतील. पत्रं धाडतो."

मी समजले, ट्रस्टला धाडतील. त्यांनी ती धाडली, कुत्री जिथून आणली होती त्या त्या बोळांना. गाडीवाल्याच्या वहीतून पत्ते काढले आणि आयुष्यभर हाताला बसलेल्या नमुन्यात सहा पत्रं लिहिली. गोल जांभळा शिक्का, खाली सही. त्यातलं एक मी जपून ठेवलंय. 'विषय : मृत्यूनोंदीबाबत. आपल्या बोळातील खालील वर्णनाच्या रहिवाशाचा मृत्यू येत्या शुक्रवारी सकाळी अकरा वाजता ठरलेला असून जन्माची नोंद आढळून येत नाही. नाव : माहीत नाही. वय : अंदाजे चार. रंग : तांबूस. खूण : उजव्या कानाला चीर. तरी खबर देणाऱ्याने समक्ष हजर राहून नोंदी पूर्ण कराव्यात.' कुत्रा हा शब्द अख्ख्या पत्रात कुठे नव्हता, कारण त्यांच्या नमुन्यात तसा रकानाच नव्हता.

हे पत्र गेलं यंत्रमागाच्या शेडमागच्या एका बोळात. पुढे काय झालं ते मला नंतर तिथल्याच लोकांनी सांगितलं, आणि सांगताना एकमेकांना दोष दिला. पत्र उघडलं एका मास्तरांनी. मोठ्याने वाचलं. वय चार म्हटल्यावर बायकांनी आपापली पोरं पोटाशी धरली. मग कोणाला तरी सुचलं, की बोळातली सगळी पोरं ओळीने उभी करून मोजावीत. मोजली तर एक जास्त भरलं. ते पाहुण्यांचं निघालं. सगळ्यांचे उजवे कान तपासून झाले. एकाच्या कानाला ओरखडा होता, त्याच्या आईने तिथेच भोकाड पसरलं. तोवर पत्राचा फोटो मोबाईलवरून नातेवाइकांत फिरला आणि दुधनीहून कोणाचा तरी मामा एसटीने निघाला.

शुक्रवारी साडेदहाला आमच्या फाटकात दोन टेम्पो आणि तीन रिक्षा येऊन थांबल्या. तीस-पस्तीस माणसं उतरली. पुरुषांच्या डोक्याला रुमाल, बायका पदराने डोळे पुसताहेत. पुढे एक वाळकी म्हातारी, विड्या वळणारी, बोळात सगळे जिला अव्वा म्हणत. ती रडत नव्हती. ती भांडायला आली होती.

"कोण मेलंय?" तिने विचारलं.

काका उठून उभे राहिले. इतकी खूश मुद्रा मी त्यांची पूर्वी पाहिली नव्हती. "अजून कुणी न्हाय. बसा. येवढे खबर देणारे एका वेळी मी सबंद नोकरीत बगितले न्हायत."

मग भानगड उघडकीला आली. सगळे एकदम बोलायला लागले. दुधनीच्या मामाने काकांची कॉलर धरली. त्याचा दोष नव्हता, तो तीन तास रडत आला होता. काका म्हणाले, "धरा, पण आधी हितं सही करा." मी मध्ये पडणार तोच मागच्या पिंजऱ्यातून आवाज आला.

त्या कुत्रीला वास आला होता. तांबूस अंग, निम्म्या अंगावर केस नाहीत, उजव्या कानाला चीर. आठ दिवस ती पिंजऱ्याच्या कोपऱ्यात तोंड भिंतीला लावून बसली होती आणि माझ्या हातून खात नव्हती. ती आता जाळीवर चढत होती. मी दार उघडलं. ती आधी अव्वाच्या पायात घुसली, तिथून एका रिक्षावाल्या चाचांच्या, तिथून मास्तरांच्या, मग पुन्हा अव्वाच्या. शेपटीबरोबर अर्धं अंग हलत होतं.

"रा चिन्नी, रा," अव्वा तेलुगूत म्हणाली आणि खाली बसली.

"चिन्नी?" चाचा म्हणाले. "ये तो हमारा शेरा है."

मास्तरांच्या घरी ती टायगर होती. एका घरी लक्ष्मी, एका घरी नुसतीच 'ए'. काका भराभर लिहीत होते. मग चौकशीत निघालं, की अव्वा तिला रोज सकाळी भात घालते, चाचांकडे तिला हाडं मिळतात, मास्तरांकडे दूध-भाकरी, आणि प्रत्येक घराची खात्री, की आपण नसतो तर हे जनावर उपाशी मेलं असतं. पाच घरची पाच नावं आणि पाच घरचं जेवण. तिला तक्रारीला जागाच नव्हती.

"लिंग?" काकांनी विचारलं.

"मादी," मी म्हटलं.

चाचांनी वाकून स्वतः खात्री केली. मग म्हणाले, "चार साल से मैं इसकू शेरा बुलारा. मादी है बोलके किसीने बोल्याच नै." त्या दिवशी सगळ्यांत जास्त धक्का त्यांनाच बसला.

नमुना पुरा झाला. नाव : चिन्नी ऊर्फ शेरा ऊर्फ टायगर ऊर्फ लक्ष्मी. आईचं नाव : काळी. जन्मस्थळ : यंत्रमागाच्या शेडमागे, सुताच्या पोत्यावर. धर्म : लागू नाही. व्यवसाय : राखण. हिला उचलून न्या अशी तक्रार कोणी केली होती, असं मामाने जरा दरडावून विचारलं, तेव्हा मास्तर आकाशाकडे बघायला लागले. काका म्हणाले, "जन्म-मृत्यूच्या खात्यात भांडणाचा रकाना न्हाय," आणि पान उलटलं.

मग अव्वा माझ्याकडे वळली. "पोरी, हिला झालंय काय?"

"खरूज."

"बरी हुत न्हाय व्हय?"

"होते. महिनाभर औषध, रोज, कोणीतरी हाताने खाऊ घालायला हवं."

"मग मारताव कशाला?"

मला लाज वाटली, इतकी, की मी औषधाची बाटली आणायच्या निमित्ताने आत गेले आणि कपाटापाशी उगाच उभी राहिले. सहा महिन्यांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता आणि मीही स्वतःला विचारला नव्हता.

बाहेर आले तर काकांनी मोठ्या कागदावर वार लिहून त्यापुढे नावं घातली होती. सोमवार अव्वा, मंगळवार चाचा, बुधवार मास्तर. मास्तरांना त्यांनी मुद्दाम रविवारही दिला. हा कागद बोळातल्या पाण्याच्या टाकीवर चिकटवायचा. आणि कुत्र्याबद्दल काही कुरकुर असेल तर गाडीला फोन करण्याआधी सोमवारवाल्याला सांगायचं. कुत्री रिक्षातून गेली, चाचांच्या शेजारच्या सीटवर. सेक्रेटरी त्याच वेळी येत होते. फाटकात टेम्पो, रुमाल बांधलेली माणसं आणि आरडाओरडा बघून त्यांना वाटलं, मोर्चा आलाय. त्यांनी गाडी तिथूनच वळवली आणि पंधरा दिवस तिकडे फिरकले नाहीत.

बाकीच्या पाच पत्रांपैकी तिघांची माणसं आली. नंतर मी पत्रात कुत्रा हा शब्द घालायला लावला, तेव्हा काका दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. पण लोक तरीही येत राहिले, कारण टाकीवरचे कागद बघून शेजारच्या बोळांना वाटलं, ही काहीतरी नवी योजना आहे आणि आपणच मागे राहतोय. आपल्याकडे योजनेत नाव नसणं कोणाला सहन होत नाही. काही महिन्यांत गाडी सकाळी जाऊन दुपारी रिकामी यायला लागली. ज्यांना बोळच नव्हता अशी दोन कुत्री सांगोल्याच्या एका डाळिंबवाल्याने राखणीला नेली, त्यांना काकांनी स्थलांतराचा दाखला दिला. शुक्रवारची यादी कोरी जाऊ लागली. ती कोरी यादीसुद्धा काका फाईलला लावत.

हे सगळं ऐकून काका देवमाणूस होते असं कोणाला वाटेल. नव्हते. अतिशय छळवादी माणूस. नोंद अपुरी म्हणून त्यांनी एका पिलाला न्यायला आलेल्या नवरा-बायकोला तीन हेलपाटे घालायला लावले. कुत्री भुंकली की "सुम्मनिरु" म्हणून खेकसत, आणि ती मुकाट गप्प बसत, याचा त्यांना फार गर्व. सरळ गोष्ट त्यांना सरळ दिसायचीच नाही, ती रकान्यातूनच दिसायची. आणि एकदा त्याचं फार वाईट झालं.

हायवेवरून सकाळी एक काळा कुत्रा आणला होता. ट्रकने उडवलेला, कंबरेतून मणका तुटलेला, मागचं अंग मेलेलं, आत रक्तस्राव. वेदना थांबवण्याचं औषध देऊन मी काकांकडे आले आणि म्हटलं, किल्ली द्या. हा खरा असाध्य आहे.

"नोंद?"

"रस्त्यावरचा आहे. कोणी नाही त्याला."

"कुणी न्हाय आसं नसतंय, डॉक्टरीणबाई." त्यांनी जवळच्या ढाब्याला फोन लावला, पेट्रोल पंपाला लावला, वीटभट्टीला निरोप धाडला. पंपावरचा एक जण म्हणाला, बघतो, संध्याकाळी येतो. काका म्हणाले, संध्याकाळपर्यंत थांबू. दुपारी औषधाचा अंमल उतरला. कुत्रा ओरडत नव्हता. पुढच्या दोन पायांवर स्वतःला ओढत भिंतीपर्यंत जायचा आणि परत यायचा. चार वाजता पंपवाल्याने फोन उचलणं बंद केलं. काकांनी दुसरा नंबर शोधायला घेतला.

मी त्यांच्या हातातला फोन काढून टेबलावर आपटला. "काका, तुम्हाला त्याला वाचवायचं नाहीये. तुम्हाला तुमचा कागद वाचवायचाय. तो तिकडे तळमळतोय आणि तुम्ही त्याच्या बापाचं नाव शोधताय." याहून वाईटही बरंच बोलले. वडिलांच्या वयाच्या माणसाशी मी तशी कधी बोलले नव्हते.

ते उठले. शर्ट वर करून कडदोऱ्याची किल्ली सोडायला लागले, पण गाठ सुटेना. शेवटी मी कात्रीने दोरा कापला. मला वाटलं, किल्ली देऊन ते खुर्चीत बसतील. ते माझ्यामागे पिंजऱ्यात आले आणि धोतर सावरून फरशीवर बसले.

"काय करायचं आसतंय?" त्यांनी विचारलं.

"डोकं धरा. नुसतं धरा."

त्यांनी कुत्र्याचं डोकं मांडीवर घेतलं. मग हलक्या आवाजात म्हणाले, "डॉक्टरीणबाई, हजारांनी मरणं लिवली मी. बगितलं एकबी न्हाय. लोक खिडकीशी यायचे तवा सगळं झालेलं आसायचं." मी सुई टोचली. ते त्याच्याशी कानडीत काहीतरी बोलत राहिले. मला कानडी येत नाही, पण ते खेकसणं नव्हतं. कुत्र्याने एकदा मोठा श्वास सोडला आणि त्याचं अंग सैल पडलं. मी छातीला नळी लावून बघितलं आणि मान हलवली. काकांनी हात काढला नाही.

कचेरीत परत आल्यावर त्यांनी नमुना पुढे ओढला. नावाच्या रकान्यात पेन टेकवलं, उचललं. जन्माचा रकाना तसाच सोडला. मी बघतच राहिले. रिकामा रकाना त्यांच्या हातून गेलेला मी पहिल्यांदाच पाहत होते. मग त्यांनी विचारलं, "त्याला तरास झाला का?"

"सकाळपासून झाला. शेवटी नाही झाला."

"ते लिवायला जागाच न्हाय ह्यात," ते म्हणाले. सबंध नोकरीत त्यांना ते कधी दिसलं नव्हतं, आणि ते त्यांच्या तोंडावर मला दिसत होतं. त्यांनी ड्रॉवरमधून पट्टी काढली, समासात सरळ रेघ ओढली आणि वर सुंदर अक्षरात लिहिलं, 'त्रास'. खाली लिहिलं, 'सकाळपासून दुपारी चारपर्यंत. कारकुनामुळे.' कागद माझ्याकडे सरकवून म्हणाले, "सही करा."

मी म्हटलं, "काका, हे शेवटचं खोडा."

"खोडायचं न्हाय," ते म्हणाले. "खरं हाय ते."

मी सही केली.